रेकॉर्ड काढायची म्हणतोयस तर

चि. मिहिर,

अनेक आशीर्वाद. मेसेज वाचला, बाबांनाही वाचून दाखवला. त्या बँडच्या पोरांनी त्यांचा अल्बम प्रोड्यूस करायला तुलाच विचारलं याचं मला मुळीच नवल वाटलं नाही, रिव्ह्यू लिहून सगळ्यांच्या रेकॉर्डांना नावं ठेवत सुटलायस म्हटल्यावर कधीतरी कोणीतरी म्हणणारच ना, की ये आता, तूच करून दाखव.

ऑरिन कीपन्यूज माहितीये ना, जॅझ पियानिस्ट माँकच्या 'ब्रिलियंट कॉर्नर्स' अल्बमचा प्रोड्यूसर. हा न्यूयॉर्कचा माणूस, दिवसा एका प्रकाशनसंस्थेत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात 'रेकॉर्ड चेंजर' मासिकात लिहायचा. १९४८ला त्याने थेलोनियस माँकवर लेख लिहिला, तेव्हा माँकला फारसं कोणी विचारत नव्हतं. मग १९५३ला बिल ग्राउअरबरोबर रिव्हरसाइड ही रेकॉर्ड कंपनी काढली, सुरुवातीला जुन्याच रेकॉर्डी परत छापायचे, आणि १९५५ला कळलं की माँक मिळतोय. प्रेस्टिज या त्याच्या आधीच्या रेकॉर्ड कंपनीचं त्याच्याकडे १०८ डॉलर २७ सेंट येणं होतं, तेवढं चुकतं केलं की माणूस मोकळा! आणि माँकला तो जुना लेख आठवत होता बरं का. म्हणून म्हणते लिहिणं सोडू नकोस, फक्त जरा जपून लिही, ज्याला आज झोडपतोस तो उद्या तुझ्यासमोर स्टुडिओत बसलेला असेल.

आणि स्टुडिओत काय होतं ते ऐक. त्या अल्बममधली 'ब्रिलियंट कॉर्नर्स' हीच धून घे, सॅक्सवर सॉनी रॉलिन्स, ड्रम्सवर मॅक्स रोच, अशी माणसं बसलेली तरी २५ टेक झाले आणि एकही धड पूर्ण नाही. शेवटी कीपन्यूजने तुकडे जोडून ती उभी केली. आता सांग, टीकाकाराचा कान तिथेच कामाला आला की नाही? पण तो नंतर, टेप कापताना. वाजवणारे वैतागलेले असताना तिथे परीक्षण सुनावत बसलास तर पोरं उठून जातील, आणि तुझा स्वभाव मला माहितीये.

कीपन्यूजनेच काढलेली जॅझ पियानिस्ट बिल इव्हान्सची पहिली रेकॉर्ड पहिल्या वर्षात जेमतेम ८०० खपली. त्यानंतर इव्हान्स स्वतःच दोन वर्षं दुसरी करायला तयार नव्हता, नवीन काही सांगायला नाही म्हणाला, आणि कीपन्यूज थांबला. कंपनी चालवणारा माणूस असा थांबतो याचं मला फार कौतुक वाटतं. पुढे १९६१ला व्हिलेज व्हॅनगार्ड या न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबमधलं रेकॉर्डिंग त्याच इव्हान्सने त्याला दिलं.

आता बाबांचा मुद्दा, म्हणजे पैसे. १९६३च्या डिसेंबरात ग्राउअर वारला आणि पुढच्याच वर्षी रिव्हरसाइड दिवाळखोरीत. एवढा चांगला माल असून! कीपन्यूजने नंतर माइलस्टोन कंपनी काढली, लँडमार्क काढली, पण रिव्हरसाइडचे मास्टर्स, म्हणजे मूळ टेपा, शेवटी फँटसी कंपनीकडे गेले. तेव्हा स्टुडिओचं भाडं कोण देणार आणि मास्टर कोणाच्या नावावर राहणार हे पहिल्या दिवशीच लिहून घे, दोस्ती असली तरी, किंबहुना दोस्ती आहे म्हणूनच.

आणखी एक, त्या अल्बमचा रिव्ह्यू तू लिहायचा नाहीस. कव्हरवरची माहिती लिही, खाली नाव घालून, कीपन्यूजही स्वतःच्या रेकॉर्डींसाठी लिहायचाच, त्यात चोरी नाही.

बाबा म्हणतायत स्टुडिओसाठी एक पैसा देणार नाही. मी अजून काही बोललेले नाही. रविवारी फोन कर, ते बाजारात गेले की.

आई