खोटा पत्ता शोधायचा तर अंगणवाडीची वही उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखलेल्या जागांची, सोडत लागली की खोटे पत्ते देणाऱ्या पालकांच्या बातम्या दरवर्षी येतात. २०२४ मध्ये नागपुरात तर खोटी कागदपत्रे देऊन प्रवेश घेतल्याबद्दल पालकांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले. मग सगळीकडून एकच मागणी होते, पडताळणी कडक करा. कडक म्हणजे काय, तर आणखी कागद मागा. मी हडपसरच्या रामटेकडी भागात गेली वीसेक वर्षे अंगणवाडी सेविका आहे. कागद वाढत गेले तशी आमच्या वस्तीतली खरी मुले बाहेर पडत गेली आणि खोटे पत्ते होते तिथेच राहिले, हे मी रोज बघते आहे.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. पुढे आठवीपर्यंत फी नाही. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलाला आधी संधी मिळते, म्हणून सगळा खेळ पत्त्यावर येऊन थांबतो. ऑनलाइन अर्ज भरताना नकाशावर आपल्या घराच्या जागी लाल फुगा ठेवायचा असतो. तो सरकवून शाळेच्या कुंपणाला चिकटवायला कुणाला काही लागत नाही. कागदही तसाच जुळला पाहिजे, त्यासाठी भाडेकरार असतो. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच चालतो, असा नियम आहे. पण आता नोंदणी ऑनलाइन होते, एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये, वर मुद्रांक शुल्क आणि एजंटची मजुरी. मोठ्या शाळेची आठ वर्षांची फी वाचणार असेल तर एवढा खर्च कुणालाही परवडतो. आणि असा करार खोटा ठरवणार कसा? त्यावर सही खरी, अंगठा खरा, शिक्काही खरा. तिथे माणूस राहत नाही, एवढेच काय ते खोटे.

मागच्या जूनमध्ये एका शाळेचे शिपाईकाका एका मुलाचे घर शोधत आमच्या गल्लीत आले होते. शाळा सुरू होऊन आठवडा झाला, मूल आले नाही, फोन कुणी उचलत नाही, म्हणून त्यांना पाठवले होते. हातातल्या चिठ्ठीवर पत्ता आमच्याच गल्लीतला, खोली नंबरासकट. ती खोली मला चांगली माहीत आहे. दहा बाय दहाची, पत्र्याची, आणि तिथे दोन वर्षे बिगारी काम करणारे चार तरुण राहतात. मी काकांसमोर वही काढून दाखवली. त्या नावाचे मूल आमच्याकडे कधीच नव्हते. ना पोलिओच्या डोसाला, ना वजनाला, ना टीएचआरच्या, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराच्या, पाकिटाला. खोलीमालकाला विचारले तर म्हणाला, "एका ओळखीच्या माणसाने कागदावर अंगठा मागितला, मी दिला." ते मूल कुठल्याशा सोसायटीत राहत होते आणि पुढच्या आठवड्यापासून गाडीतून शाळेत यायला लागले, असे नंतर काकांनीच सांगितले. पुढे काय झाले ते मला कळले नाही.

त्याच गल्लीत पलीकडच्या टोकाला एक बाई राहते. धाराशिवकडची आहे, नवरा सेंट्रिंगच्या कामावर, ती स्वतः तीन घरची धुणीभांडी करते. तिची मुलगी सहा महिन्यांची असल्यापासून माझ्या वहीत आहे. अडीच वर्षांची असताना तीव्र कुपोषित श्रेणीत गेली होती, तेव्हा रोज घरी जाऊन खाऊ घातले आहे, त्यामुळे ती कुठे राहते हे मला कुणी विचारू नये. त्या मुलीचा आरटीईचा अर्जच भरता आला नाही. रेशनकार्ड गावचे. आधारवर गावचा पत्ता. वीजबिल मालकाच्या नावाचे. बँकेचे पासबुक आहे, तेही गावच्या शाखेचे. राहिला भाडेकरार. मालक म्हणाला, "करार करून देतो म्हटले की उद्या खोलीवर हक्क सांगाल. हवे तर खोली सोडा." तिने खोली सोडली नाही, शाळा सोडली.

इथे एक गोष्ट शिक्षण विभागाने नीट वाचावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. मालकाने ते केले नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या वस्तीत कुणाला असा दंड झाल्याचे मी ऐकलेले नाही. कसूर मालकाची आणि जागा जाते भाडेकरूच्या लेकराची, हा कुठला न्याय?

आणखी एक. भाड्याने राहणारी माणसे अकरा महिन्यांनी खोली बदलतात, कधी त्याच्याही आधी. जानेवारीत अर्ज भरताना एका गल्लीत असलेले कुटुंब जूनमध्ये दुसऱ्या गल्लीत असते. दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचे आढळल्यास फौजदारी गुन्हा दाखल करून प्रवेश रद्द करू, असे सूचनांमध्ये छापलेले असते. हे वाचून घाबरतो तो रिक्षावाला आणि भाजीवाली. एजंटमार्फत करार करणारा घाबरत नाही, त्याच्याकडे कागद आहे. भाडे वाढले म्हणून दोन गल्ल्या पलीकडे गेलेली आई आणि चार किलोमीटरवरून पत्ता विकत घेणारा बाप यांना एकाच मापाने मोजू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

महापालिकेची शाळा आहे की जवळ, तिथे जा, असेही लोक सुनावतात. आमची बहुतेक मुले तिथेच जातात, मी स्वतः हात धरून नेऊन बसवली आहेत, आणि तिथल्या काही बाई इतक्या चांगल्या शिकवतात की बघत राहावे. तो प्रश्नच वेगळा. २५ टक्क्यांची तरतूद एका परिसरातली मुले एका बाकावर बसावीत यासाठी आहे. दूरचे मूल खोट्या पत्त्याने येऊन बसले की बाक भरतो, परिसर मात्र बाहेरच राहतो. शिवाय योजनाच नको म्हणणाऱ्यांना आयते निमित्त मिळते. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा बदल सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केलाच होता. तो त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयाने रद्द केला म्हणून निभावले.

आता मुद्द्याचे. मूल कुठे राहते हे सांगणारी नोंद सरकारकडे आहे आणि ती सरकारनेच आमच्याकडून लिहून घेतली आहे. एका अंगणवाडीकडे साधारण ४०० ते ८०० लोकसंख्या असते. आमची पहिली नोंदवही कुटुंब सर्वेक्षणाची. घर क्रमांक, घरातली माणसे, गरोदर बाई, सहा वर्षांखालची मुले, कोण नवीन आले, कोण गाव सोडून गेले, सगळे त्यात असते. २०२१ पासून तीच माहिती पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर मोबाइलमधूनही भरतो. पहिलीत जाणारे मूल आदल्या महिन्यापर्यंत आमच्या यादीत असते. शिक्षण विभागाची पडताळणी समिती दुसऱ्या खोलीत बसून भाडेकराराच्या झेरॉक्स चाळते आणि महिला व बालविकास विभागाची ही नोंद तिला कुणी दाखवत नाही.

अर्जाच्या आदल्या ३१ डिसेंबरला आमची यादी बंद करा, पर्यवेक्षिकेची सही घ्या आणि ती सोडतीच्या आधी समितीकडे पाठवा. यादीतल्या मुलाला पत्त्याचा दुसरा कागद मागू नका. ज्याचे नाव यादीत नाही, पण करार आहे, त्याच्या घरी सोडतीच्या आधी माणूस पाठवून बघा. मूल बालवाडीत जात असेल, अंगणवाडीत नसेल, तर शेजारी सांगतील, ते लपत नाही. तारीख आधीच ठरवा, असे मुद्दाम लिहिते आहे. नाहीतर अर्ज सुरू झाले की भागातले पुढारी आमच्या दारात उभे राहतील आणि "ताई, एवढे एक नाव घाला" म्हणतील. त्यांना नाही म्हणणे मानधनावरच्या बाईला सोपे नसते. बंद झालेल्या यादीत आम्हालाही काही घालता येणार नाही, आणि तेच आमचे संरक्षण.

हे काम आम्हाला जास्तीचे नाही, नोंद तर आम्ही ठेवतोच. फक्त ते लेखी आदेशाने यावे, तोंडी नको. गुन्हे दाखल करायचे असतील तर करारामागच्या एजंटांपासून सुरुवात करा. वस्तीत ते कोण आहेत हे सगळ्यांना माहीत असते.

त्या धाराशिवच्या बाईची धाकटी आता चार वर्षांची आहे. तिचे नाव माझ्या वहीत आहे, पोषण ट्रॅकरवर आहे. तिच्या अर्जाला अजून दोन वर्षे आहेत. शिक्षण विभाग आणि महिला व बालविकास विभाग यांनी एकत्र बसून एक परिपत्रक काढायला तेवढा वेळ पुरेसा आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
रामटेकडी, हडपसर, पुणे