तीन नंबर सिलिंडरच्या मिसिंगचे चुकीचे निदान आणि घेतलेले पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,
स. न. वि. वि.

मी बेळगाव तालुक्यातला. तुमच्या कंपनीची डिझेल पिकअप अडीच वर्षांपूर्वी घेतली, ती मी स्वतःच चालवतो. रात्री बेळगावात भाजी भरायची, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत साखळी नाहीतर म्हापशाला माल पोचवायचा, यावर आमचं घर चालतं.

जुलैमध्ये गाडी 71,000 किलोमीटरवर असताना मिसिंग मारायला लागली. जांबोटीच्या पुढे चढ लागला की एक सिलिंडर मेल्यासारखं व्हायचं. स्टिअरिंग, सीट, मागचा हौदा सगळं थरथरायचं, ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी गाडी ओढायची नाही. मग एखाद्या खड्ड्यात चाक आपटलं की एकदम चारी सिलिंडर चालू. सायलेन्सरला धूर नाही, इंजिनात ठोका नाही. हे सगळं मी तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या ॲडव्हायजरना कानडीतून, त्यांच्याच भाषेत, नीट सांगितलं. जॉब कार्डवर त्यांनी लिहिलं फक्त 'इंजिन व्हायब्रेशन'.

स्कॅनर लावल्यावर पी 0203 हा कोड आला. तो जॉब कार्डवर छापलेला आहे. माझी मुख्य तक्रार या कोडपाशीच सुरू होते. पी 0203 म्हणजे तीन नंबर इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) विजेच्या सर्किटमध्ये बिघाड. सर्किट म्हटलं की त्यात इंजेक्टरची कॉईल आली, तशीच ईसीयूपासून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरपासून, इंजेक्टरपर्यंतची वायर आणि कनेक्टरही आले. मल्टिमीटर घेऊन वायर तपासायला पंधरा मिनिटं पुरली असती. तुमच्या माणसांनी वायरला हात लावला नाही. 'डिझेल भेसळीचं होतं, इंजेक्टर गेला' असं सांगून नवा इंजेक्टर बसवला. वॉरंटीचे सहा महिने शिल्लक होते, पण भेसळीचं कारण देऊन ती नाकारली. डिझेलचा नमुना कोणी घेतला नाही आणि काढलेला इंजेक्टर मागूनही मला दाखवला नाही. इंजेक्टर 19,400, डिझेल फिल्टर 1,650 आणि मजुरी 3,200, असे 24,250 रुपये मी भरले.

गाडी देण्याआधी चाचणी घेतली ती सपाट रस्त्यावर, दोन किलोमीटर, रिकामी.

चौथ्या रात्री कणकुंबीच्या अलीकडे गाडी पुन्हा मेली. हौद्यात फ्लॉवर, कोबी आणि कोथिंबीर मिळून 900 किलो माल होता. पाऊस, धुकं, फोनला रेंज नाही. सकाळी टोईंगची गाडी आली तोवर ताडपत्रीखालची कोथिंबीर काळी पडली होती. ती जुडी हातात धरली तर पानं बोटांना चिकटून आली. शेतकऱ्यांचे पैसे मला द्यावेच लागले, त्यांचा यात काय दोष?

गाडी परत तुमच्याकडेच नेली. स्कॅनरवर परत तोच कोड, पी 0203. नवा इंजेक्टर बसवूनही कोड तोच येतो म्हटल्यावर दोष दुसरीकडे आहे, एवढं तरी कळायला हवं होतं. उलट चारही इंजेक्टर बदलण्याचं 78,000 रुपयांचं एस्टिमेट माझ्या हातात दिलं.

मी गाडी गावाजवळच्या गॅरेजला नेली. तिथल्या मिस्त्रींनी पहिल्यांदा विचारलं, धूर येतो का? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, इंजेक्टर गळत असता तर धूर किंवा ठोका आला असता. इथं सिलिंडरला डिझेलच पोचत नाही आणि तेही मधूनमधून, म्हणजे वायर बघायला हवी. जुन्या गाड्यांत नोझलचा नट सैल करून कुठला सिलिंडर मेलाय ते बघायचे. आताच्या गाड्यांत सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे कॉमन रेलमधून, डिझेल जातं आणि तिथं दाब हजार बारच्या वर जातो, तिथं नट सैल करणं जिवावर बेतेल. म्हणून त्यांनी स्कॅनरवरून एकेक सिलिंडर बंद करून बघितला. एक, दोन किंवा चार नंबरचा बंद केला की इंजिन खाली बसायचं. तीन नंबरचा बंद केल्यावर काहीच फरक नाही. मग त्यांनी हार्नेस, म्हणजे टेप गुंडाळलेला वायरींचा जुडगा, बोटाने जरासा हलवला आणि इंजिन सुधारलं, सोडला की परत मिसिंग.

टेप सोडल्यावर जे दिसलं त्याचे फोटो जोडले आहेत. हार्नेस पत्र्याच्या ब्रॅकेटच्या कडेला घासून तिथलं वायरचं आवरण गेलेलं, आतली तांब्याची तार पावसाने हिरवी पडलेली आणि दोन-तीन धागेच शिल्लक. हार्नेस धरून ठेवणारी क्लिप जागेवर नव्हती. एप्रिलमध्ये तुमच्याच सेंटरमध्ये ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना गरम होणारे प्लग) बदलताना हार्नेस बाजूला केला होता. त्यानंतर तिथं दुसऱ्या कुणी हात घातलेला नाही. वायर जोडून, क्लिप लावून मिस्त्रींनी 850 रुपये घेतले. त्यानंतर गाडी सतरा वेळा भरल्या मालाने घाटातून गेली, एकदाही मिसिंग नाही.

इंजेक्टर, फिल्टर आणि मजुरीचे 24,250, टोईंगचे 4,500 आणि वायरिंगचे 850, मिळून 29,600 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. भाजीच्या नुकसानीचा हिशोब पावत्यांसह वेगळा जोडला आहे, त्यावर लेखी उत्तर द्यावं. माझा जुना इंजेक्टर चांगला होता असं मी मानतो, तो मला परत हवा. आणि सर्किटचा कोड आल्यावर वायर आणि कनेक्टर न तपासता इंजेक्टर बदलायचा नाही, अशी लेखी सूचना त्या सेंटरला द्यावी. माझ्यासारखे अनेक गाडीवाले त्याच दारात जातात.

गाडी धंद्याची आहे म्हणून मी ग्राहक ठरत नाही, असं फोनवर मला सांगण्यात आलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूतून वगळलेली आहे. मुदतीत उत्तर आलं नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी जाणार आहे. दोन्ही जॉब कार्डं, बिलं, एस्टिमेट आणि तुटलेल्या वायरचा तुकडा माझ्याकडे जपून ठेवलेला आहे.

आपला,
एक पिकअपधारक ग्राहक
ता. जि. बेळगाव