पुतणीच्या भेटीची पुस्तकं

सोलापूर
१२ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पुतणी लग्न होऊन आमच्या गावात आली, तिला घरी पाव भाजायचं आणि जॅम-लोणच्यांच्या बरण्या भरायचं वेड आहे, तर या विषयांवरची चांगली पुस्तकं भेट द्यायला बघून ठेव, असं तू कळवलंस. शेवटी "दिसायला छान हवीत" ही पुस्तीही जोडलीस. पहिलं काम आनंदाने करतो. दुसऱ्याचं मात्र कठीण आहे बे, कारण अशा देखण्या पुस्तकांशी माझं जुनं वाकडं आहे. अर्ध्या पानावर पिठाने माखलेले हात, उरलेल्या अर्ध्यावर टेबलावर सांडलेलं कोवळं ऊन, आणि कृती पाच ओळींत आटोपलेली: "मऊ गोळा होईपर्यंत मळा." गोळा सैल झाला तर काय करायचं, फुगलाच नाही तर का, याचा पत्ता नसतो.

दोन्ही विषय एकाच पुस्तकात असलेलं काही घेऊ नकोस. पाव बसला तर फार तर दगड होतो. त्याचे तुकडे परतून नाश्ता करायचा, काम भागलं. पण बरणी नीट झाली नाही, तर बाहेरून कळतही नाही आणि आतलं विष माणसाला आजारी पाडतं. म्हणून पावाचं पुस्तक समजावून सांगणारं हवं आणि बरण्यांचं पुस्तक आकड्यांना पक्कं हवं. मग ते कितीही रूक्ष असलं तरी मला चालेल.

आधी पावाचं. पुस्तक चाळताना मापं ग्रॅममध्ये आहेत का ते बघायचं. चमच्याने हलकं भरलं तर एक कप मैदा १२० ग्रॅमच्या आसपास भरतो, डब्यात कप खुपसून काढला तर दीडशेला जातो, म्हणजे एकाच कृतीचे दोन वेगवेगळे पाव. चांगल्या पुस्तकात पीठ १०० धरून बाकी सगळं टक्क्यांत दिलेलं असतं: पाणी ६५, मीठ २, यीस्ट त्याहून कमी. तो हिशेब एकदा डोक्यात बसला की नवी कृती वाचतानाच ती कशी होणार याचा अंदाज येतो. शिवाय आपल्या मैद्यात प्रथिनं साधारण १० टक्क्यांच्या आसपास, तिकडच्या ब्रेडच्या पिठात १२-१३. तिकडचं माप जसंच्या तसं घेतलं तर इथे गोळा हाताला चिकटतो, म्हणून थोडं पाणी मागे ठेवून मळावं लागतं. चक्कीची कणीक याच्या उलट, ती जास्त पाणी पिते. लेखकाने पिठाबद्दल दोन पानं तरी खर्च केली असतील, तर असं काही झाल्यावर वाचणाऱ्याला आपलं आपण सावरता येतं.

पण सोलापुरात खरा प्रश्न उन्हाचा आहे. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात २१-२२ अंश असतात. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ ला टेकतो आणि घरात ३६. "दोन तास फुगू द्या" असं वाचून ती घड्याळ लावून बसली, तर तासाभरात कणीक फुगून आंबूस होईल. म्हणून माझी पसंती जेफ्री हॅमेलमन यांच्या 'ब्रेड' या पुस्तकाला. २००४ साली पहिल्यांदा आलं. लेखक मुरलेले बेकर. पाण्याचं तापमान कसं काढायचं ते त्यांनी सांगितलं आहे. मळलेली कणीक २५ अंशांवर हवी, तर २५ ची तिप्पट ७५. त्यातून खोलीचं, पिठाचं आणि मळताना वाढणारं तापमान वजा करायचं. मे महिन्यात ३६, ३५ आणि हाताने मळण्याचे २ गेले की उरले २, म्हणजे बर्फाचंच पाणी. डिसेंबरात खोली आणि पीठ दोन्ही २२ असले की उत्तर २९ येतं, म्हणजे कोमट. एवढं एक कळलं तरी पुस्तकाचे पैसे फिटले.

केन फोर्किश यांचं २०१२ चं पुस्तकही लोक सुचवतील, नावातच पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट आहे. वाचायला ते जास्त सोपं. पण त्यातल्या कृती एकेका किलो पिठाच्या, आणि पाव जाड झाकणाच्या बिडाच्या भांड्यात खूप तापवून भाजायचे. लहान ओटीजीत ते भांडंच मावत नाही. पुतणीचा ओव्हन मोठा असेल तर हेही चालेल.

आता बरण्या. इथे आपली माणसं हमखास एक गोष्ट गृहीत धरतात, की आजीने केलं ते सगळं बाटलीत भरून वर्षभर ठेवता येतं. कैरीचं लोणचं टिकतं, कारण कैरी मुळात आंबट, मीठ तिचं पाणी ओढतं आणि वर तेलाचा थर हवा अडवतो. पण तेच तेल लसणावर घालून कपाटात ठेवलं तर गडबड. लसणात आंबटपणा नाही, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला हवा नसलेलीच जागा लागते. सामू (म्हणजे पीएच, आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असेल तर तो जंतू वाढत नाही. या आकड्याभोवती लिहिलेलं नसेल ते बरण्यांचं पुस्तक घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टोमॅटो तर अगदी काठावरचा. म्हणून त्यात अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस घालायला सांगतात. बाटलीतलाच, कारण त्याचा आंबटपणा ठरलेला असतो. झाडावरच्या लिंबांची खात्री नाही.

सगळ्यात भरवशाचं पुस्तक फुकट आहे, हे ऐकून तू हसशील. अमेरिकेच्या कृषी खात्याचं घरगुती कॅनिंगचं, म्हणजे बरण्या हवाबंद करून टिकवण्याचं मार्गदर्शक, २०१५ ची सुधारित आवृत्ती. सरकारी असल्यामुळे कुणीही उतरवून घ्यावं आणि छापावं. त्यातल्या वेळा प्रयोगशाळेत तपासलेल्या आहेत आणि गावाच्या उंचीप्रमाणे वाढतात. समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या वर गेलं की जॅमच्या बरण्या साधारण पाच मिनिटं जास्त उकळायच्या. सोलापूर दीड हजार फुटांच्या आसपास, म्हणजे आपण त्यात आलोच. मुंबईच्या मैत्रिणीचा आकडा इथे चालत नाही, हे पुतणीला मुद्दाम सांग. आणि हेही सांग, की आपल्या शिट्टीच्या कुकरमध्ये भाज्यांच्या बरण्या भरायच्या नाहीत. त्याला वेगळं यंत्र लागतं. मी नवी पेठेतून प्रिंट काढून स्पायरल करून आणतो.

लोणच्यांसाठी उषा प्रभाकरन यांचं १९९८ चं पुस्तक आहे, त्यात हजार लोणची. इतकी कोण करणार म्हणशील, पण पुतणी जिथे राहते तो पूर्व भाग. शेजारी विणकरांची तेलुगू घरं, तिथे आवकाय भरतात: बाठीसकट कैरीचे तुकडे, मोहरीची पूड, तिखट, मीठ आणि तिळाचं तेल. आपल्या फोडणी गार करून घातलेल्या लोणच्याहून त्याचा झणका वेगळा. खरं तर पहिली बरणी तिने एखाद्या शेजारणीबरोबर भरावी आणि पुस्तक नंतर उघडावं.

मराठीत हवं असेल तर कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आहेच, १९७० ची. वाटी-चमच्याची मापं, घरगुती सूर. पण ती बहुधा तिच्या आईनेच दिली असेल, विचारून घे. दोन प्रती कशाला?

एक विषयांतर. या सगळ्या परदेशी पावांच्या गर्दीत मला आपली कडक भाकरी फार हुशार वाटते. ज्वारीत पिठाला चिवटपणा देणारं ग्लूटेन नाही, म्हणून गरम पाण्यात मळायची, पातळ थापायची आणि पाण्याचा अंश उडेपर्यंत शेकायची. पाव आणि टिकवण दोन्ही एकाच वस्तूत. पुतणीला शेंगाचटणीबरोबर एक गड्डी घेऊन जातो, शहाणी असेल तर ओव्हनमध्ये करून बघेल.

तर तुझ्याकडून मला एवढंच हवं: ओव्हन किती लिटरचा, आणि घरात ग्रॅमचा वजनकाटा आहे का. नसेल तर एक पुस्तक कमी करून आधी काटा घेऊ. इंग्रजी पुस्तकं मागवावी लागतील, म्हणून भेट कधी द्यायची ते लवकर कळव. पहिल्या पानावर काय लिहायचं तेही तूच लिहून पाठव, माझं अक्षर तुला माहीत आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सोलापूरकर