उडीआधी दोरी

मा. संपादक,

भुसावळला मे महिन्यात बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. त्यामुळे माझी नात फिगर स्केटिंग करते ते चाकांवर, पहाटे साडेपाचला. नंतर फरशी चटके देते. तिच्या क्लासात पहिल्या दिवसापासून उड्या आणि गिरक्याच. गेल्या महिन्यात गुडघा धरून घरी आली. उडीतून उतरताना वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो. तो झेलायला मांडी, पोटरी, कंबर आधी तयार लागते. आता रोज ओट्यावर दोरीच्या उड्या, एका पायावर उठबस आणि पायरीवरून उडी मारून आवाज न करता उतरणं. धप्प झालं की मी पेपरातून मान वर करतो. "पोरीले कायले दमवता?" हे हिच्या आजीचं चालूच.

मी संस्कृत शिकवायचो. रूपं पाठ करून काय मिळणार, हे पालक तेव्हाही विचारायचे. मला सोळाव्या शतकातला जर्मन विद्वान मेलांक्थन आठवायचा. १५१८ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, तो जर्मनीतल्या विटेनबर्ग विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक झाला. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं ग्रीकवरून केलेला बायबलच्या नव्या कराराचा जर्मन अनुवाद १५२२ मध्ये छापला, तोही मेलांक्थनसोबत तपासून. म्हणजे आधी भाषेचा पाया, मग मोठं काम. झ्युरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली, त्यानं तर १५२३ मध्ये तरुणांच्या शिक्षणावर लिहिताना ग्रीक-हिब्रूसोबत धावणं, उड्या, फेकही सांगितली. कुस्ती मात्र बेतानं, कारण खेळता खेळता खरंच जुंपते!

आपण क्रीडा पानावर पदकांचे फोटो छापता. आठवड्यातून एकदा चौकटभर जागा या दोरीला द्याल का?

– एक निवृत्त शिक्षक, भुसावळ