ट्रिपआधी कॅम्पर चेकिंग, रविवारी सकाळी १० वाजता

मंडळी, पीक डिस्ट्रिक्टला निघायच्या आधी सगळ्यांनी आपापली जुनी कॅम्पर (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन येत्या रविवारी १० ला नेहमीच्या पार्किंगमध्ये यायचंय. ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटी (ब्रिटनमधली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) माफ आहे म्हणून निवांत राहू नका, गाडी धड ठेवायची जबाबदारी आपलीच.

– पेट्रोलचे रबरी पाइप: २०२१ पासून इथे पंपावर ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आलंय, त्यातल्या इथेनॉलनं जुनं रबर खराब होतं. माझा पाइप वरून एकदम ठणठणीत, जरा वाकवला तर बारीक भेगा आणि बोटाला पेट्रोल! फोक्सवॅगन टाइप २ वाल्यांनो, तुमचं इंजिन मागे, तापलेलं, त्यावर गळती म्हणजे थेट आग, तेव्हा ई१० ला चालणारे नवे पाइप लावूनच या, यात सवलत नाही.

– टायरची नुसती नक्षी नको, बनल्याची तारीख बघा. बाजूला २३१४ असेल तर २०१४ चा २३वा आठवडा.

– गॅस सिलिंडर बंद करून आणा. थंडीत खालच्या व्हेंटमध्ये (हवा जायच्या भोकात) चिंध्या कोंबल्या असतील (कोंबतात लोक!) तर काढा, गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो तिथूनच बाहेर जातो.

टाइप २ च्या इंजिनच्या व्हॉल्व्हची फट घरीच, इंजिन पूर्ण गार असताना सेट करा.

येताय की नाही शुक्रवारपर्यंत सांगा. चहा माझ्याकडे, पोहे कोण आणतंय?