ड्रायव्हरकाका, माउथपीस खिशातच आहे

प्रिय ड्रायव्हरकाका,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. विचारल्याशिवाय कुणाचं नाव चारचौघांत घेऊ नये, आणि विचारायचं तर तुमचा पत्ता मला कुणी दिला नाही. मुलं तुम्हाला 'काका' म्हणत होती. त्याचा अर्थ तुम्ही मला दोनदा विचारलात. दोन्ही वेळा मी 'वडिलांचा भाऊ' असं सांगितलं आणि दोन्ही वेळा तुम्ही मागे वळून त्या ४१ पुतण्या-पुतणींकडे काळजीने पाहिलंत.

तुम्हाला मराठी येत नाही. तरी हे मराठीतच लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला बसले की माझे आभार सरकारी होतात.

तुम्ही इन्सब्रुकच्या हॉटेलपुढे गाडी लावलीत तो आमचा ऑस्ट्रियातला सहावा दिवस होता. व्हिएन्नाला उतरायचं, तिथून साल्झबुर्ग, मग इन्सब्रुक आणि शेवटच्या कार्यक्रमासाठी परत व्हिएन्ना, असा विद्यार्थी वाद्यवृंदाचा दौरा. कागदावर झकास दिसत होता. साल्झबुर्गच्या जुन्या गावात बस शिरत नाही, तिथे पायीच हिंडायचं असतं. पण आमच्या दौऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांना हे नदीच्या अलीकडे उतरल्यावर कळलं. मग काय, झिमझिम पावसात पाठीवर चेलो, हातात स्टँडच्या पिशव्या, छातीशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या स्वरलिपीच्या फायली, अशी आमची वरात साल्झाख नदीवरच्या पादचारी पुलावरून निघाली. गेट्राइडेगासे गल्लीतलं ९ नंबरचं घर, जिथे १७५६ साली मोत्सार्ट जन्मला, ते मुलांनी रस्त्यावरून पाहिलं. 'आत जायला वेळ नाही, इथूनच फोटो काढा.' आत मोत्सार्टचं लहानपणचं व्हायोलिन आहे. आमच्या सगळ्यात धाकट्या व्हायोलिनवाल्याने त्यासाठी आठवडाभर दिवस मोजले होते. तो काही बोलला नाही, नुसता दाराकडे बघत राहिला.

इन्सब्रुकला मात्र वेळच वेळ होता, कारण हॉटेलच्या खोल्या तयार नव्हत्या. त्यामुळे हॉफकिर्शे चर्च निवांत पाहून झालं. सम्राट मॅक्सिमिलियनच्या कबरीभोवती पुरुषभर उंचीहून मोठे ब्राँझचे २८ पुतळे पहारा देत उभे आहेत, आणि कबर रिकामी आहे. सम्राटाला पुरलंय दुसरीकडेच, वीनर नॉयश्टाटला. आमचे कंडक्टर सर हळूच म्हणाले, "आपल्या व्यवस्थेसारखंच. थाट पुष्कळ, आत कुणी नाही." (कंडक्टर म्हणजे वाद्यवृंदाचे. बसमध्ये मुलांचं त्यांच्याकडे तिकीट मागून झालेलं होतं.)

काही मागितलं की त्या गृहस्थांचं एक वाक्य ठरलेलं: "ड्रायव्हरच्या तासांमुळे शक्य नाही." मोत्सार्टचं घर? तासांमुळे शक्य नाही. वाटेत लिंत्सला थांबू या, मोत्सार्टने १७८३ साली तिथे हाताशी एकही सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, नसताना काही दिवसांत नवी लिहून काढली, मुलांना गाव तरी दाखवू? तासांमुळे शक्य नाही. हा नियम मी नंतर नीट वाचला. साडेचार तास गाडी चालवल्यावर किमान ४५ मिनिटं थांबायचं, दिवसाला ९ तास चालवायचं, आठवड्यातून फार तर दोनदा १०, आणि टॅकोग्राफ नावाचं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवणार. नियमाशी माझं मुळीच भांडण नाही. पेंगुळलेल्या माणसाच्या हाती ४१ मुलं द्यायची नसतात. माझं भांडण आहे ते नियमाची ढाल करून तिच्यामागे डुलक्या काढणाऱ्यांशी.

आता आमच्या हॉर्नवाल्या मुलीबद्दल. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते.

फ्रेंच हॉर्न म्हणजे साडेतीन मीटरहून लांब पितळी नळीचं वेटोळं. वरच्या पट्टीत त्याचे स्वर एकमेकांना इतके खेटून असतात की ओठ जरा हलला की शेजारचाच स्वर निघतो, किंवा नुसता फाटका आवाज. इन्सब्रुकचा कार्यक्रम एका गारठलेल्या चर्चमध्ये झाला. तिचे एकटीचे चार बार, म्हणजे तालाचे चार छोटे तुकडे, होते. दुसऱ्याच बारात स्वर फुटला, आणि पुढचा सावरताना तोही फुटला. वय वर्षं १५. परतीच्या बसमध्ये आमच्या त्या गृहस्थांनी माइक हातात घेतला आणि हसत हसत म्हणाले, "ज्यांचं आज चुकलं त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, ऐकायला माणसं कमीच होती." त्यांना वाटलं विनोद झाला. चारदोन मुलं हसलीही. मी तेव्हाच उठून तो माइक काढून घ्यायला हवा होता. घेतला नाही. हे पत्र लिहिताना तुमच्या आभारांइतकीच ही टोचणीही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बदलली आणि तुम्ही आलात. प्रत्येक पेटी स्वतः उचलत होतात आणि उचलण्याआधी विचारत होतात, आत काय आहे? चेलो म्हटलं की पेटी उभी. बासरी म्हटलं की वर केबिनमध्ये. हॉर्नच्या पेटीपाशी तुम्ही थबकलात. "हे कुणाचं?" तिने हात वर केला नाही, मीच बोट दाखवलं. आपणही गावच्या बँडमध्ये फ्लूगलहॉर्न नावाचं पितळी वाद्य वाजवतो, असं तुम्ही तिला सांगितलंत. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग तुम्ही मला भुवयांनीच विचारलंत आणि मी मोजक्या शब्दांत झालेलं सांगितलं. तुम्ही मान हलवलीत, आरसे नीट केलेत आणि गाडी काढलीत.

इन्सब्रुकहून साल्झबुर्गला जाणारा मोटरवे मधला बराच वेळ जर्मनीतून जातो. मुलांच्या फोनवर जर्मनीत स्वागताचे संदेश आले, तासाभराने पुन्हा ऑस्ट्रियात स्वागताचे. तेवढीच बसमध्ये जरा हालचाल. साल्झबुर्ग मागे पडलं, लिंत्स जवळ आलं, आणि तुम्ही मोटरवे सोडलात. आमचे गृहस्थ धावत पुढे आले. इथे कुठे? हे यादीत नाही. तासांमुळे...

तुम्ही समोरच्या रस्त्यावरची नजर न हटवता म्हणालात, "बरोबर. तासांमुळेच. चार तास होत आले, मला थांबणं भाग आहे. पेट्रोल पंपावर थांबायचं की सांक्ट फ्लोरियानला, ते मी ठरवतो."

माझ्या मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली. मी वळून दटावलं नाही.

गृहस्थ म्हणाले, ४५ मिनिटं म्हणजे ४५च. तुम्ही म्हणालात, "नियमात 'किमान' लिहिलंय. 'कमाल' कुठे लिहिलेलं नाही."

सांक्ट फ्लोरियानचा तो अवाढव्य मठ वाचकांनी कधी जमलं तर पाहावा. १८३७ साली वडील वारले त्याच वर्षी १२ वर्षांच्या आन्टोन ब्रुकनरला, पुढच्या मोठ्या संगीतकाराला, आईने इथे गाणाऱ्या मुलांत आणून सोडलं. पुढे तो इथलाच ऑर्गनवादक झाला. १८९६ साली व्हिएन्नात वारला, पण इच्छा सांगून ठेवली होती त्याप्रमाणे त्याला आणून ठेवलं ते इथेच, तळघरात, बरोबर ऑर्गनच्या खाली. ऑर्गनला ७,३८६ नळ्या आहेत. आमची मुलं त्या नळ्यांकडे माना वर करून पाहत होती आणि पायाखाली कोण आहे ते कळल्यावर एक एक पाऊल मागे सरकत होती. ब्रुकनरच्या शवपेटीमागे हजारो माणसांच्या कवट्या आणि हाडं रचून ठेवली आहेत, हे ऐकल्यावर तर त्यांचा शीण कुठल्या कुठे पळाला. काल रिकामी कबर, आज ही अशी भरलेली. धाकटा व्हायोलिनवाला मला म्हणाला, "मॅडम, हे मोत्सार्टच्या घरापेक्षा भारी आहे." मला तर गहिवरूनच आलं, आणि कारण काय, तर कवट्या.

पण काका, हे पत्र सांक्ट फ्लोरियानसाठी नाही. त्यानंतर जे झालं, त्यासाठी आहे.

ती आत आलीच नव्हती. मी मफलर घ्यायला बसकडे परतले तर ती पायरीवर बसलेली आणि तुम्ही शेजारी उभे, हातात थर्मासचं झाकण. तुम्ही तिला सांगत होतात, शब्द शोधत, थांबत थांबत. मी गाडीआड थांबून ऐकलं, त्याबद्दल माफ करा. तुमचा बँड दर वर्षी १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, गावच्या दफनभूमीत वाजवतो. या वर्षीही वाजवला, तीनच दिवसांपूर्वी. कबरींवर लाल दिवे, सगळं गाव काळ्या कोटांत उभं, आणि थंडी अशी की पितळ गारठून स्वर खाली उतरतात. "निम्मे स्वर फुटतात," तुम्ही म्हणालात. "दर वर्षी. मेलेले तक्रार करत नाहीत."

ती हसली. तीन शब्दांच्या वर काही न बोललेली ती मुलगी फुसकन हसली, आणि मग रडली, आणि मग नाक पुसून पेटी उघडली.

तुम्ही हॉर्नला हात लावला नाहीत. फक्त माउथपीसकडे, ओठांना लावायच्या सुट्या तुकड्याकडे, बोट केलंत आणि स्वतःच्या कोटाचा खिसा दाखवलात. माउथपीस इथे ठेवायचा. कार्यक्रमाआधी तासभर तरी, अंगाच्या उबेत. गार धातू ओठांना लागला की ओठ घाबरतात. वाद्य पेटीत राहिलं तरी चालेल, माउथपीस माणसाजवळ हवा. मग तुम्ही बसच्या हीटरचा पंखा बंद केलात, त्याची घरघर थांबली, आणि तिने ब्रुकनरच्या चौथ्या सिंफनीची सुरुवात वाजवली. आमच्या कार्यक्रमात ती नव्हतीच, ती आपली एकटीच हॉटेलच्या बाथरूममध्ये सराव करायची. तीनच स्वर, वरून खाली आणि परत वर: प, सा, प. आपल्याकडच्या कुठल्याही नवशिक्यालाही म्हणता येतील असे. तेवढेच तीन स्वर त्या पार्किंगमध्ये वाजले. तुम्ही झाकणातला चहा संपवलात आणि म्हणालात, "चला, तास."

गेल्या काही वर्षांत मी कितीतरी काउंटरांपुढे उभी राहिले आहे. व्हिसाचे, विमानात चेलोसाठी जागा मागायचे, सभागृहाच्या परवानगीचे. पलीकडची बहुतेक माणसं वाईट नव्हती. 'नाही' म्हणायला एखादा नियम सापडला की त्यांना सुटल्यासारखं वाटायचं, इतकंच. तुमच्याकडेही तोच नियम होता, तेच ४५ मिनिटांचं बंधन, तेच यंत्र. तुम्ही त्यात जागा शोधलीत. कायदा काडीचाही मोडला नाहीत, कुणाला दुखावलं नाहीत, मुलीला उपदेशाचा एक शब्द केला नाहीत. मुलांच्या चुका सुधारायला टपलेल्या आमच्यासारख्यांना हे जमत नाही. आम्ही 'पुढच्या वेळी चांगलं होईल' म्हणतो. तुम्ही 'माझंही फुटतं' म्हणालात.

व्हिएन्नाला सभागृहाच्या मागच्या दाराशी सामान उतरलं. मुलं आत पळत होती. ती पेटी घेऊन तुमच्यासमोरून गेली. तुम्ही तिला काही बोलला नाहीत, फक्त तुमच्या कोटाच्या खिशावर दोनदा थोपटलंत. तिने तिच्या खिशावर दोनदा थोपटलं. एवढंच. या सगळ्या दौऱ्यातून माझ्याकडे उरलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे, आणि तिचा फोटोही नाही.

कार्यक्रम झाला तेव्हा तुम्ही नव्हतात, तुमची रात्रीची ११ तासांची विश्रांती सुरू झाली होती. म्हणून इथे सांगते: चारपैकी तीन बार सुरेख झाले. चौथ्यात एक स्वर किंचित घसरला. तिने सरांकडे पाहिलं नाही की खाली मान घातली नाही, पुढचा स्वर लावला.

निघताना आम्ही तुम्हाला पाकीट दिलं होतं. तुम्ही त्यातून १० युरोची एक नोट काढलीत, "बिअरला," म्हणालात आणि पाकीट परत केलंत. मला तेव्हा ओशाळल्यासारखं झालं. परत आल्यावर एक किस्सा वाचनात आला. १८८१ साली याच चौथ्या सिंफनीची तालीम झाल्यावर ब्रुकनर इतका खूश झाला, की कंडक्टर हान्स रिष्टरच्या हातात त्याने एक नाणं कोंबलं आणि सांगितलं, माझ्याकडून बिअर प्या. रिष्टरने म्हणे ते खर्च केलं नाही, घड्याळाच्या साखळीला लावून ठेवलं. तुम्ही ती नोट खर्च केलीत, अशी मला आशा आहे.

आमच्या तालमी पुन्हा सुरू झाल्या आहेत. पहिल्या दिवशी दारातून आत येताना तिने खिशावर दोनदा थोपटलं. दुसऱ्या दिवशी ट्रंपेटवाल्यांनी थोपटलं. आता सगळेच थोपटतात, व्हायोलिनवालेसुद्धा, ज्यांच्या खिशात काहीच नसतं. नवीन मुलं विचारतात, हे काय? तर धाकटा सांगतो, "काकांनी सांगितलंय."