क्रूझ कंट्रोलची बटणं शिकवणार कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

समृद्धी महामार्गावरच्या अपघातांच्या बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात आणि त्यात बरेचदा "चालकाचा गाडीवरचा ताबा सुटला" एवढंच असतं, पुढे काही नाही. पूर्वी मी ते वाचून पान उलटायचे. आता उलटवत नाही, कारण गेल्या महिन्यात माझाही ताबा सुटला होता आणि तो का सुटला हे मला नीट माहिती आहे म्हणून हे पत्र.

मी नाशिकची, वय ५४, गेली वीस-बावीस वर्षं गाडी चालवतेय. आधीच्या गाडीच्या स्टिअरिंगवर हॉर्न सोडून काही नव्हतं. आता नवीन घेतलीय ती ऑटोमॅटिक, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला गाण्याची आणि फोनची बटणं, उजव्या बाजूला अजून चार-पाच बटणं. ती उजवीकडची कशाची हे मी कधी विचारलंच नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

त्या दिवशी संभाजीनगरहून सासूबाईंना घेऊन परत येत होतो. मिस्टर चालवत होते, त्यांनी क्रूझ कंट्रोल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी एकाच स्पीडने चालते ती सोय, ११० वर लावलेलं. वैजापूरच्या पुढे पंपाच्या आवारात थांबलो, सासूबाई मागे झोपलेल्या, ऊन मरणाचं, म्हणून एसीसाठी इंजिन चालूच ठेवलं आणि आम्ही दोघांनी जागा बदलल्या. तिथून गोंद्यापर्यंत मी चालवली, पायानेच, काही त्रास नाही. गोंद्याला सिन्नरसाठी उतरायचं म्हणून डावीकडे घेतलं, स्पीड कमी करत करत ५० च्या आसपास आणला, ब्रेकवरचा पाय काढला आणि वळणावर स्टिअरिंग डावीकडे फिरवत होते, त्यात उजवा हात वर सरकला आणि अंगठ्याखालचा भाग त्या बटणांवर दाबला गेला. तेव्हा मला ते कळलंसुद्धा नाही.

कळलं ते इंजिनच्या आवाजाने. एकदम घरघर वाढली आणि गाडी पळायला लागली. माझा पाय ब्रेकवर नव्हता, अ‍ॅक्सिलरेटरवरही नव्हता, पाय नुसता अधांतरी आणि काटा ५५, ६०, ६५ असा वर चाललेला. माझ्या डोक्यात पहिलं आलं की पायाखालचं मॅट अ‍ॅक्सिलरेटरमध्ये अडकलं, म्हणून मी खाली वाकून बघितलं, वळणावर, रस्त्यावरची नजर काढून. मान वर केली तर समोर टोलच्या रांगेतल्या ट्रकचे लाल दिवे. मिस्टर ओरडले "ब्रेक मार, ब्रेक", तेव्हा मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, ट्रक अजून बराच लांब होता, पण मागे सासूबाईंनी बेल्ट लावलेला नव्हता, त्या पुढच्या सीटवर आदळल्या आणि कपाळाला हे एवढं टेंगूळ आलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता माझा खांदा धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी कॉम्प्युटर लावून बघितलं, एरर नाही म्हणाले, आणि वर "मॅडम, तुमचाच पाय पडला असेल अ‍ॅक्सिलरेटरवर". वीस वर्षं चालवणाऱ्या बाईला! मी दोन आठवडे गाडीला हात लावला नाही, मलाही वाटायला लागलं की खरंच आपलंच काहीतरी बिघडलंय.

शेवटी भाचा आला, त्याने मला शेजारी बसवून रिकाम्या रस्त्यावर तस्संच करून दाखवलं. एक बटण आहे 'सेट'चं, ते दाबलं की गाडी तोच स्पीड धरून ठेवते. ब्रेक मारला की क्रूझ सुटतं, पण बंद होत नाही, ते नुसतं थांबून राहतं आणि आधीचा स्पीड लक्षात ठेवतं. आमच्या गाडीत इंजिन बंद करेपर्यंत तो तसाच राहतो. मग 'रिझ्यूम'चं बटण दाबलं की गाडी स्वतःहून त्या जुन्या स्पीडकडे धावते. म्हणजे मिस्टरांनी वैजापूरच्या आधी लावलेले ११० माझ्या हाताखाली तासभर तसेच बसून होते. साध्या क्रूझला पुढे वळण आहे का ट्रक आहे हे काहीही दिसत नाही, पुढच्या गाडीचं अंतर बघून स्पीड कमी करणारं ते वेगळं, महागड्या गाड्यांतलं.

भाच्यानेच सांगितलं की ही सोय राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन इंजिनीअरने शोधली, १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांमध्ये ती आली. हा माणूस लहानपणापासून आंधळा होता, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर स्पीड कमी-जास्त होऊन जे धक्के बसतात त्याचा त्याला वैताग होता. मला हे ऐकून फार वाटलं. सगळं हाताच्या स्पर्शाने ओळखणाऱ्या माणसाने शोधलेली गोष्ट, आणि आमच्या गाडीत ती सगळी बटणं सारखीच गुळगुळीत, खाली न बघता कुठलं कुठलं हे बोटाला कळत नाही. रिझ्यूमच्या बटणावर नुसता एक उंचवटा दिला असता तरी माझा हात लगेच उचलला गेला असता.

गाडी सोपी असते, शिका की, असं कोणी म्हणेल. शिकायची तयारी आहे हो, पण शिकवतं कोण? डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्ये नारळ फोडला, रिबन कापली, फोटो काढले, माझा मोबाइल ब्लूटूथला जोडून देण्यात अर्धा तास घालवला, क्रूझबद्दल चकार शब्द नाही. मॅन्युअल मिळालं ते जाडजूड इंग्रजी. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांत हे बटण कुठून असणार, आणि लर्निंगच्या परीक्षेत रस्त्यावरची चिन्हं विचारतात, डॅशबोर्डवरची का नाही?

माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी ताब्यात देताना घरातल्या चालवणाऱ्या प्रत्येकाला, फक्त ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला नाही, क्रूझ लावून आणि ब्रेकने सोडवून दाखवणं परिवहन खात्याने सक्तीचं करावं, आणि त्याची सही घ्यावी. गाड्या तपासणारी एआरएआय पुण्यातच आहे, बटणांच्या उंचवट्याचं त्यांनी मनावर घ्यावं. आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर डॅशबोर्डवर छोट्या स्पीडोमीटरचं आणि बाणाचं चिन्ह पेटलेलं दिसतं का बघा. दिसलं तर क्रूझचा मेन स्विच बंद करा, विशेषतः घाटात, गर्दीत आणि पावसात, आणि दुसऱ्याच्या हातात गाडी देण्याआधी तर नक्कीच. गाडी आपोआप पळायला लागली तर खाली बघू नका, ब्रेक दाबा, सुटतं ते.

तुमच्या पुरवणीत गाड्यांचं पान असतं, त्यात नवीन मॉडेल्सचे फोटो येतात. एका आठवड्याला त्या जागी स्टिअरिंगवरच्या बटणांचं चित्र मराठीत नावं घालून छापाल का? मी ते कापून आमच्या सोसायटीच्या बोर्डावर लावीन.

आपली,
एक वाचक, नाशिक